मुंबईच्या आशा पुथली यांचा १९७१ चा अल्बम थेट २००९ मध्ये का आला? न निघालेली गाणी नेमकी कुठे अडकतात?

१९७१ मध्ये मुंबईची एक २६ वर्षांची गायिका अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कामांसाठी स्टुडिओत उभी राहिली. एका कामातून निघालेला अल्बम आज जॅझच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा मानला जातो. दुसरा अल्बमही तयार झाला, पण कंपनीने तो बाजारात आणलाच नाही. तो ऐकायला मिळाला २००९ मध्ये, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी. तोवर ज्याच्या नावाचा तो बँड होता, तो संगीतकार हयातही नव्हता.

गायिकेचं नाव आशा पुथली. जगभरातल्या डीजेंना आणि रेकॉर्ड जमवणाऱ्यांना हे नाव पाठ आहे. मुंबईत मात्र ते आजही अनेकांना ठाऊक नाही. ध्वनिमुद्रित झालेलं गाणं इतकी वर्षं पडून का राहतं, ते बाहेर कसं येतं आणि आपल्याकडच्या जुन्या टेपचं काय होणार, हे समजून घेऊया.

आशा पुथली कोण?

४ फेब्रुवारी १९४५ रोजी मुंबईत जन्म. लहानपणापासून हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं शिक्षण आणि त्याच्या जोडीला पाश्चात्त्य ऑपेराचीही तालीम. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओ केंद्रावरून जॅझ कानावर पडत होतं. काही काळ त्यांनी विमानात हवाई सुंदरी म्हणून नोकरी केली. साठच्या दशकाच्या अखेरीस 'द सर्फर्स' या बँडसोबत त्यांची इंग्रजी गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली.

लेखक वेद मेहता यांनी मुंबईतल्या जॅझविषयी लिहिताना आशा पुथली यांच्यावर सविस्तर लिहिलं. १९७० मधल्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या पुस्तकातून त्यांचं नाव अमेरिकेत पोहोचलं. पुढे नृत्यांगना मार्था ग्रॅहॅम यांच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांचा आवाज जॉन हॅमंड यांच्या कानावर पडला. बिली हॉलिडे, अरिथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे हेच ते हॅमंड.

या गोष्टीत माझगाव कुठे येतं?

ज्या शहरात आशा पुथली गायला लागल्या, त्या शहरातल्या बँडचा कणा होते गोव्याहून आलेले वादक. धोबी तलाव, माझगाव, भायखळा या पट्ट्यात गोव्यातल्या गावागावांचे 'कुड' होते. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या, जहाजावर चढण्याची वाट पाहणाऱ्या माणसांची ती स्वस्तातली राहण्याची जागा. वादकही तिथेच उतरत. दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवायचं आणि संध्याकाळी चर्चगेटच्या रेस्टॉरंटमध्ये किंवा ताज हॉटेलात जॅझ, असा अनेकांचा दिनक्रम होता. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात या काळाची नोंद आहे.

ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्यांच्या काही रेकॉर्ड निघाल्या. पण रात्रीच्या रेस्टॉरंटमध्ये रोज जे वाजत होतं, त्यातलं फारच थोडं रेकॉर्डवर आलं. बाकीचं कुणी हौसेने टेप केलं असेल तरच उरलं.

१९७१ मध्ये नेमकं काय घडलं?

त्या वर्षी आशा पुथली यांनी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी दोन गाणी गायली. अल्बम १९७२ मध्ये आला आणि समीक्षकांनी या नव्या आवाजाची लगेच दखल घेतली. कोलमन यांच्या चाली ठरलेल्या स्वरचौकटीत बसत नसत. अशा ठिकाणी मींड आणि आलापाची तालीम असलेला गळा कामी आला.

दुसरं काम होतं पीटर आयव्हर्स यांच्यासोबतचं. हार्वर्डमध्ये शिकलेले आयव्हर्स माउथ ऑर्गन वाजवत. १९६९ मधल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये श्रीलंकेत जन्मलेल्या योलांड बावन गायल्या होत्या. पुढच्या टप्प्यात ती जागा आशा पुथली यांनी घेतली. त्यांनी मार्विन गे यांचं 'एन्ट दॅट पिक्युलियर' हे १९६५ मधलं सोल गाणं गायलं आणि एपिक कंपनीने ते छोट्या रेकॉर्डवर काढलंही. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भजनगायकी आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेला अमेरिकी गायनप्रकार.

त्याच सुमारास 'टेक इट आउट ऑन मी' हा पूर्ण अल्बमही तयार झाला. तो मात्र एपिकने काढला नाही.

अल्बम तयार असूनही तो अडकतो कसा?

याचं उत्तर बहुतेक वेळा करारात असतं.

• स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, टेपचा खर्च कंपनी करते. त्यामुळे मूळ टेप, म्हणजे 'मास्टर', कंपनीच्या मालकीची असते.
• गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली तरी ती बाजारात आणायचीच, असं बंधन सहसा कंपनीवर नसतं.
• रेकॉर्ड छापणं, जाहिरात आणि वितरण यांचा खर्च वेगळा असतो. पहिलं गाणं अपेक्षेइतकं खपलं नाही किंवा कंपनीतला पाठीराखा अधिकारी बदलला, की पुढचा खर्च थांबतो.
• गायकाला तीच टेप दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

म्हणजे अल्बम निघाला नाही, यावरून गाणी वाईट होती असा अर्थ काढता येत नाही. 'सायन्स फिक्शन'च्या वेळचंही सगळं संगीत तेव्हा आलं नव्हतं. त्यातला काही भाग १९८२ मध्ये 'ब्रोकन शॅडोज' नावाने आला आणि २००० मध्ये ते सगळं काम एकत्र मिळालं.

मग ३८ वर्षांनी दार कसं उघडलं?

यासाठी गायिकेचं नाव दुसऱ्या वाटेने मोठं व्हावं लागलं. १९७३ मध्ये सीबीएसने युरोपात आशा पुथली यांचा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. १९७६ मध्ये 'द डेव्हिल इज लूज' आला. त्यातलं 'स्पेस टॉक' हे गाणं न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो यांच्या 'द लॉफ्ट' या प्रसिद्ध नृत्यमैफलीत लोकप्रिय झालं. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात त्याचा तुकडा वापरला गेला. त्यानंतर नव्या पिढीने या आवाजाचा शोध सुरू केला.

इकडे आयव्हर्स यांची १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हत्या झाली. त्यांच्यावरचं चरित्र २००८ मध्ये आलं आणि त्यांच्या नावाची पुन्हा चर्चा झाली. पुढच्याच वर्षी जुने अल्बम नव्याने काढणाऱ्या वुंडेड बर्ड या छोट्या कंपनीने 'टेक इट आउट ऑन मी' सीडीवर आणला. त्यावर आयव्हर्स यांच्या बँडसोबत आशा पुथली यांचंही नाव आहे.

मधल्या काळात सीबीएस रेकॉर्ड्स आणि तिची एपिक, दोन्ही १९८८ मध्ये सोनीकडे गेल्या होत्या. मालक बदलला, पण टेप टिकली. २०२२ मध्ये मिस्टर बोंगो कंपनीने आशा पुथली यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला आणि २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या.

प्रत्येक टेपचं नशीब असंच असतं का?

नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथे ठेवलेल्या हजारो मास्टर टेप जळाल्याचं वृत्त २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिलं. नुकसानीच्या आकड्यावर कंपनीने नंतर आक्षेप घेतला, पण मूळ टेप नष्ट झाल्याचं नाकारलं नाही.

आग लागली नाही तरी टेप आपोआप खराब होते. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण चिकटवलेले असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक टेपमध्ये हा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषतो आणि मऊ पडतो. अशी टेप यंत्रावर चढवली की थरच खरवडून निघतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. त्याआधीच्या ॲसिटेट टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, त्या आकसतात आणि तुटतात. समुद्राकाठच्या मुंबईची हवा दोन्हींसाठी वाईट. माझगावसारख्या बंदरालगतच्या भागात तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम सोडतात.

भारतातला कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतलं तो. गाणं प्रकाशित झालं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हा हक्क टिकतो. उदाहरणार्थ, १९६८ मध्ये निघालेल्या रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०२८ च्या अखेरीस संपेल. गीतकार आणि संगीतकाराचे हक्क वेगळे असतात. ते त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतात.

यातली गोम अशी की ६० वर्षांचं घड्याळ प्रकाशनापासून सुरू होतं. जे ध्वनिमुद्रण कधी प्रकाशितच झालं नाही, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. त्यामुळे घरात सापडलेली जुनी टेप थेट यूट्यूबवर टाकणं अडचणीचं ठरू शकतं. जपून ठेवणं आणि प्रकाशित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या घरात जुना स्पूल असेल तर?

एपिककडे निदान गोदाम होतं आणि मालकीचा कागद होता. रेस्टॉरंटमधली रात्र, चर्चचा सोहळा किंवा माथारपाखाडीतल्या एखाद्या घरची मैफल टेप करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. पोटमाळ्यावरचा डबा हीच एकमेव प्रत असू शकते. म्हणून:

• टेप सापडली की लगेच लावून बघू नका. जुन्या यंत्रावर एकदाच चालवल्यानेही ती कायमची खराब होऊ शकते.
• डब्यावरचं, पट्टीवरचं सगळं लिखाण आधी मोबाइलवर टिपून घ्या. तारीख, जागा, नावं, टेपचा वेग, जे असेल ते.
• टेप उभी ठेवा. स्पीकर, ओल आणि उन्हापासून लांब ठेवा.
• चिकट झालेली टेप तज्ज्ञ साधारण ५० अंश सेल्सिअसवर काही तास नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरती वाजवण्याजोगी करतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको.
• डिजिटल प्रत २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झमध्ये, दाब न देता, वेव्ह फाइल म्हणून करून घ्या. एमपी३ फक्त ऐकण्यापुरती.
• प्रत झाली तरी मूळ टेप फेकू नका.

मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि गुरुग्राममधलं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत संग्रहालय यांना अशा कामाचा अनुभव आहे.

यातलं सगळ्यात तातडीचं काम बिनखर्चाचं आहे. टेपवर कोण गातंय, मागे कोण वाजवतंय, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवणं. आवाज पुढेमागे यंत्राने काढून घेता येईल. तो आवाज कुणाचा, हे सांगणारं माणूस आहे तोवरच विचारता येईल.