पोटातली गाठ : क्षयाची की लिम्फोमाची?

सुगी आटोपून विसावा मिळाला, तरी घरच्या कर्त्या माणसाच्या अंगी ताकद येत नाही. जेवण जात नाही, सदरा ढगळ होतो, पोटात कळ येते. एके दिवशी उजव्या कुशीत, खालच्या अंगाला, हाताला गाठ लागते. मग कोणी म्हणते वायगोळा, कोणी म्हणते क्षय.

क्षयाची शंका वावगी नाही. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथेच आतड्याचा क्षय बहुधा ठाण मांडतो. पण त्याच जागी आणखी एक रोग होतो : मोठ्या आतड्याचा प्राथमिक लिम्फोमा. शरीराचे रक्षण करणाऱ्या लसिका पेशी बेसुमार वाढून हा कर्करोग होतो. ‘प्राथमिक’ म्हणजे आतड्यातच सुरू झालेला. तो विरळा; मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांत जेमतेम एखादा. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत अधिक.

दोन्ही रोगांत ताप, कळ, गाठ आणि घटते वजन दिसते. नुसत्या हाताने चाचपून निदान होत नाही. दुर्बिणीने आतडे पाहून गाठीचा तुकडा तपासावा लागतो. लिम्फोमा अस्तराखाली वाढतो, म्हणून वरवरच्या तुकड्यात तो कधीकधी सापडत नाही. डॉक्टरांनी पुन्हा, खोलवरचा तुकडा मागितला तर कुरकुर करू नये.

रोग आतड्यातलाच, हे ठरवण्याच्या कसोट्या डॉसन व सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडल्या. मान, काख, जांघ येथे गाठी नसाव्यात. छातीचा फोटो स्वच्छ, रक्तातील पांढऱ्या पेशी प्रमाणात, यकृत व प्लीहा निर्दोष असावी. आता सीटी स्कॅनचीही जोड मिळते.

क्षयाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मनाने बंद करू नका. मात्र दोन महिन्यांत उतार पडला नाही, गाठ वाढली किंवा शौचातून रक्त गेले, तर थांबू नका, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या इस्पितळात जा आणि “तुकडा तपासला का?” असे स्पष्ट विचारा.

लिम्फोमा निघाला तरी हाय खाऊ नये. हा रोग औषधांना पुष्कळदा दाद देतो. आतडे तुंबले वा फुटले तर शस्त्रक्रिया लागते. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातच करावी. आणि तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत, सातबाऱ्याइतके जपून ठेवावेत.