हरवलेल्या बचतपत्राची कथा

शासन नागरिकांकडून कर्जाऊ रक्कम घेते आणि तिचा पुरावा म्हणून रोखा किंवा बचतपत्र देते. किसान विकास पत्र आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र ही त्याची परिचित उदाहरणे होत. रायपूरमधील अनेक घरांत अशी जुनी छापील पत्रे पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली असत. त्यांना वाळवी लागली, ती पावसाच्या पाण्यात भिजली किंवा घर बदलताना हरवली, तर आयुष्यभराची बचत बुडाली, असे धारकाला वाटते. परंतु ही भीती बहुधा अनाठायी असते.

बचतपत्र म्हणजे प्रत्यक्ष पैसा नव्हे. पत्र देताना टपाल कार्यालय धारकाचे नाव, अनुक्रमांक, रक्कम व दिनांक आपल्या दप्तरात नोंदवते. कागद नष्ट झाला, तरी ही नोंद उरते.

समजा, रायपूरच्या टपाल कार्यालयात नोंदलेले पत्र हरवले. धारकाने त्याच कार्यालयात लेखी अर्ज करावा. अर्जात पत्राचा तपशील आणि ते कसे हरवले, हे लिहावे. अधिकारी दप्तर तपासून खात्री करून घेतो. त्यानंतर धारकाला सामान्यतः जामीनदारांसह क्षतिपूर्ती बंधपत्र द्यावे लागते. मूळ पत्रावर दुसऱ्या कोणी पैसे घेतले आणि शासनाची हानी झाली, तर ती भरून देण्याचे हे वचन असते. पत्र केवळ फाटले असून ओळखता येत असेल, तर बंधपत्राची गरज नसते. शेवटी धारकाला दुय्यम पत्र मिळते. शासकीय कर्जरोख्यांबाबतही दुय्यम रोखा देण्याची तरतूद आहे. त्यासाठीचा शासकीय प्रतिभूती अधिनियम, 2006 हा 1 डिसेंबर 2007 पासून लागू झाला असून रोख्यांचे काम रिझर्व्ह बँक पाहते.

मात्र 1986 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा विकास पत्राची गोष्ट निराळी होती. त्यावर धारकाचे नाव नसे. ज्याच्या हाती पत्र, तोच त्याचा मालक. असे पत्र हरवल्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हरवलेल्या चलनी नोटेप्रमाणेच हे पत्रही बदलून मिळणार नाही, असा निर्णय न्यायालयाने 2006 मध्ये दिला.

2016 पासून टपाल कार्यालयांत पूर्वीच्या छापील पत्रांऐवजी पासबुकात नोंद करण्याची पद्धत आली. तरीही ज्यांच्याजवळ जुनी पत्रे आहेत, त्यांनी त्यांचे अनुक्रमांक व दिनांक वेगळ्या वहीत लिहून ठेवावेत. कारण हरवलेला हक्क पुन्हा मिळवून देते, ती नोंदच.