जुन्नर–आंबेगांव भागांतील सामाईक मिळकतींचे पट्टे

स्थानिक संस्थेनें आपली जमीन, गाळा किंवा पेठेंतील जागा दुसऱ्याच्या वहिवाटीस द्यावयाची म्हणजे चार गोष्टी निश्चित असाव्या लागतात: चतुःसीमा, मुदत, खंड आणि उभय पक्षांचा लेख. यांपैकीं एक ढिली पडली कीं मिळकत कागदावर संस्थेची आणि प्रत्यक्षांत वहिवाटदाराची होऊन बसते. कुकडी व घोड यांच्या खोऱ्यांतील जुने लेख वाचतांना या चार कसोट्या हाताशीं ठेवाव्या.

प्रथम चतुःसीमा. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत कोणाचिक श्रेणीचा उपासक आडुथुम शक यानें वडालिका येथें २० व कटापुतक येथें ९ निवर्तनें जमीन लावून दिल्याचें कोरलें आहे. पहिल्या क्षेत्रापुढें करंजाचा व दुसऱ्यापुढें वडाचा उल्लेख आहे. झाडें लावण्यासाठीं हें उत्पन्न दिलें असा अर्थ कांहीं पंडित करतात. झाडाच्या बुडाशीं असलेलें शेत असाही अर्थ संभवतो. दुसरा अर्थ घेतल्यास झाड हीच शेताची खूण ठरते. झाड वठलें कीं खूण गेली.

लेखाच्या नोंदीविषयीं शेजारच्या नाशिकचीं लेणीं अधिक स्पष्ट बोलतात. नहपानाचा जांवई उषवदात यानें वर्ष ४२ मध्यें ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. २,००० दरमहा शेंकडा एक व १,००० दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ वृद्धि भोगावयाची, ही अट स्पष्ट घातली आहे. शिवाय हें सर्व निगमसभेंत वाचून दाखवून फलकावर निबद्ध केलें, असेंही लेख सांगतो. नगरसभेपुढें जाहीर वाचन आणि तिच्या दप्तरांत नोंद, हे दोन्ही उपचार त्या काळींही आवश्यक मानले जात होते.

तथापि नोंद झाली म्हणजे व्यवस्था संपली असें नाहीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें वर्ष १८ मध्यें भिक्षूंस कखडी गांवचें २०० निवर्तनें शेत दिलें. पुढें वर्ष २४ च्या आज्ञेंत, तें शेत कसलें जात नाहीं व गांवही वसत नाहीं, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावींत, असें अमात्यास कळविलें आहे. सहा वर्षांच्या आंत पाहणी होऊन बदल झाला, हेंच या लेखाचें खरें महत्त्व.

मराठेशाहीच्या कागदांत हीच पद्धति निराळ्या नांवांनीं भेटते. मिरासदाराचा वंश खुंटला कीं त्याची जमीन गतकूल होई. ती पाटील व गांवकरी उपऱ्यास ठरीव खंडानें लावीत. पडीत असल्यास इस्तावा ठरे, म्हणजे पहिल्या सालीं हलका सारा, मग सालोसाल चढ, आणि शेवटीं पूर्ण दर. देणाऱ्याकडून कौल व घेणाऱ्याकडून कबुलायत, असे दोन कागद होत. इस्ताव्यांत मुदत व खंड एकमेकांस जखडलेले असल्यानें जुन्या दरावर पिढ्यान्‌पिढ्या बसून राहण्यास वाव कमी उरे.

आजचा कायदाही याहून फारसा निराळा नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वयें एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत लेखानेंच करावा लागतो. जुन्नर नगरपरिषद ज्याखालीं चालते त्या १९६५ च्या अधिनियमान्वयें तीन वर्षांपलीकडील पट्टा केवळ नगरपरिषदेच्या मर्जीवर चालत नाहीं. त्यास वरिष्ठांची मंजुरी लागते. निगमसभेचें वाचन आणि आजचा ठराव यांचा हेतु एकच आहे: सार्वजनिक मिळकत देतांना गुप्तता नसावी.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच. जुन्या दप्तरांत शिक्क्याचा कौल मिळाला कीं तो जपला जातो, आणि त्याच रुमालांतील मळकी कबुलायत रद्दींत जाते. वस्तुतः खंड कोणीं, किती व कोणत्या मुदतीनें कबूल केला हें त्या दुसऱ्या कागदावरूनच कळतें. नाशिकचे फलक नाहींसे झाले, शिळा राहिली म्हणून व्यवहार समजला. आपल्या कागदांस शिळेचें आयुष्य नाहीं. तेव्हां जोडीचे कागद जोडीनेंच ठेवावे.