रनाळे ते सुवाली : जुन्या बंदराची वाट

नंदुरबारकडच्या रनाळ्याच्या माणसाला समुद्र बघायचा झाला तर मुंबईपेक्षा सुरत जवळ. नंदुरबारला गाडीत बसावं, अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूर स्टेशन मागे टाकावं आणि व्याऱ्यावरून उधन्याला उतरावं. लिंबायत-डिंडोलीत खानदेशी माणूस इतका, की अहिराणी बोलताना परक्या राज्यात आल्यासारखं वाटत नाही. तिथून हजिऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूनं गेलं की काळसर वाळूचा सुवालीचा किनारा लागतो.

सुटीच्या दिवशी इथे सुरतकरांची गर्दी होते. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की हिंदुस्थानातल्या इंग्रजी व्यापाराचा पाय पहिल्यांदा घट्ट रोवला गेला तो याच पाण्याच्या भरवशावर.

कारण गाळाचं. तापीचं मुख गाळानं उथळ झालेलं, त्यामुळे भरलेली मोठी जहाजं सुरतेच्या धक्क्यापर्यंत पोचत नसत. सुवालीसमोर मात्र किनारा आणि वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याची चिंचोळी पट्टी होती. इंग्रज तिला ‘स्वॉली होल’ म्हणत. १६१२ च्या अखेरीस इंग्रज कप्तान थॉमस बेस्टनं दोन जहाजांनिशी चार पोर्तुगीज गलबतांना इथे तोंड दिलं. पुढच्याच वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. १६१५ च्या जानेवारीत गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः मोठं आरमार घेऊन आला. इंग्रजांच्या निकोलस डाउन्टननं आपली जहाजं दांड्याच्या आत ठेवली. पोर्तुगीजांची अवजड गलबतं आत शिरू शकली नाहीत, शिरलेली छोटी जहाजं जळाली. पराक्रमाच्या कथांत तोफांचं कौतुक फार होतं; इथे खरी मदत वाळूची झाली.

पावसाळा सरला की जहाजं येत आणि किनाऱ्यावर झोपड्यांचा बाजार उभा राही. वाणी दुकानं थाटत, इंग्रज-डचांचे तळ पडत, माल बैलगाड्यांनी सुरतेकडे निघे. हंगाम संपला की सगळं मोडून जाई. ‘ऐतिहासिक गाव’ म्हणून वाडे, बुरूज शोधत जाणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच.

सुवालीचा इतिहास गावापेक्षा वाटेवर अधिक सापडतो, आणि ती वाट नंदुरबारवरून जाते. मुघल बादशहाच्या दरबारी निघालेला इंग्रज वकील थॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुवालीला उतरला. सुरतेहून व्यारा, नंदुरबार, निमगूळ, थाळनेर, चोपडा करत तो नोव्हेंबरात बुऱ्हाणपुराला पोचला. त्याच्या आधी, १६१० मध्ये, विल्यम फिंच हा व्यापारी याच रस्त्यानं गेला होता. नंदुरबारच्या अलीकडची थडगी, विलासगृहं, किल्ला आणि सुंदर तलाव त्याला भावले; निमगूळबद्दल मात्र त्यानं घाणेरडा किल्ला आणि चोर माणसं अशी नोंद करून ठेवली. निमगूळकरांनी ती मनावर घेऊ नये, प्रवासात वैतागलेला माणूस असंच लिहितो! आजचं रनाळे याच दोन मुक्कामांमधल्या टापूत येतं. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये तर नवापूरच्या बारीक, पांढऱ्याशुभ्र, कस्तुरीच्या वासाच्या तांदळावर लुब्ध झाला होता.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा वखारीच्या बचावासाठी तिचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन यानं सुवालीच्या जहाजांवरचे खलाशी बोलावून घेतले होते. पुढे मुंबईचं महत्त्व वाढत गेलं आणि सुवालीचं ओसरलं.

आज जाणाऱ्यानं भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघावं. खंभातच्या आखातातलं पाणी झपाट्यानं चढतं, पोहण्याच्या फंदात पडू नये. जवळच राजगरीला एक घुमटी आहे. पायी जेरुसलेमहून अजमेरपर्यंत आलेला इंग्रज भटक्या टॉम कोरयट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला, त्याची ही कबर, असं परंपरेनं सांगतात. घुमटी मुसलमानी धाटणीची असल्यानं ती त्याचीच, असं छातीठोकपणे म्हणणं अवघड आहे. पण गावात ‘इंग्रजाची कबर कुठे’ असं विचारत गेलं तर फेरी वाया जात नाही.