वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स, द
वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स, द : इंग्रज साहित्यिक हर्बर्ट जॉर्ज वेल्स (१८६६–१९४६) ह्याची विज्ञान कादंबरी. १८९७ मध्ये पिअर्सन्स मॅगझीन ह्या मासिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९८ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. परग्रहवासीयांचे पृथ्वीवरील आक्रमण हा विषय हाताळणाऱ्या साहित्यकृतींत तिला अग्रस्थान दिले जाते.

मंगळ थंड व निर्जल होत चालल्याने तेथील बुद्धिमान प्राणी पृथ्वीकडे वळतात. त्यांचे पहिले दंडगोल सरे परगण्यातील वोकिंगनजीकच्या माळरानावर कोसळते. उष्णकिरण, विषारी काळा धूर आणि तीन पायांची प्रचंड युद्धयंत्रे ह्यांपुढे ब्रिटिश सैन्य हतबल होते. लंडन ओस पडते. अखेर आक्रमकांचा नाश होतो, तो मानवी पराक्रमाने नव्हे, तर पृथ्वीवरील सूक्ष्मजंतूंमुळे.

कादंबरीला तत्कालीन विज्ञानाचा आधार आहे. १८७७ मध्ये इटालियन ज्योतिर्विद स्क्यापारेल्ली ह्याने मंगळावर पाहिलेल्या रेषांचा ‘कालवे’ असा अर्थ लावला गेला आणि अमेरिकन ज्योतिर्विद लोएल ह्याने १८९५ मध्ये ते बुद्धिमान जीवांनी खोदले असावेत, असे प्रतिपादन केले. वेल्सने टी. एच. हक्स्ली ह्या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले होते. प्रचंड मस्तक, संस्पर्शके आणि पचनेंद्रियांचा अभाव असलेले त्याचे मंगळवासी म्हणजे क्रमविकासाच्या तत्त्वाचा कल्पनेने केलेला विस्तार होय. पृथ्वीच्या अधिक गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्या हालचाली जड होतात. शेवटही ह्याच तत्त्वातून येतो : मानवाने असंख्य पिढ्यांच्या मृत्यूची किंमत देऊन मिळविलेली प्रतिकारशक्ती त्यांच्या ठायी नसते.

फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर इंग्‍लंडवरील परचक्राच्या कथांची लाट आली. जॉर्ज चेस्‌नीची द बॅटल ऑफ डॉर्किंग (१८७१) ही त्यांतील प्रमुख होय. वेल्सने शत्रुराष्ट्राच्या जागी श्रेष्ठतर जीवजाती आणल्याने कथेचा आशयच बदलला. टास्मानियातील मूळ रहिवाशांचा यूरोपीयांनी केलेला संहार तो पहिल्याच प्रकरणात वाचकांपुढे ठेवतो आणि असे करणाऱ्यांना मंगळवासीयांविरुद्ध तक्रार करता येईल काय, असे सूचित करतो. मात्र टास्मानियन समूळ नष्ट झाले, हा त्या काळचा समज त्यानेही स्वीकारला होता. वस्तुतः त्यांचे वंशज आजही आहेत. अमेरिका खंडांत देवीसारख्या रोगांनी जेत्यांना साहाय्य केले. येथे रोगच जेत्यांवर उलटतो. म्हणून ह्या कादंबरीचे अध्ययन भाकितापेक्षा साम्राज्याच्या आत्मविश्वासाची कसोटी म्हणून करणे अधिक फलदायी ठरते. संकटात खचणारा धर्मोपदेशक आणि भूमिगत राज्याचे मनोरे रचूनही श्रम टाळणारा तोफखान्यातील सैनिक ह्या पात्रांतून त्या आत्मविश्वासाचा पोकळपणा प्रकट होतो.

ऑर्सन वेल्स ह्याने ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत सादर केलेल्या ह्या कादंबरीच्या नभोनाट्यरूपात बातमीपत्राचे तंत्र वापरले होते. ते खरे मानून काही श्रोते घाबरले; तथापि देशव्यापी हाहाकाराचे वृत्तपत्रीय वर्णन अतिरंजित होते, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. १९५३ व २००५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाले. अमेरिकन अग्निबाणतज्ञ रॉबर्ट गॉडर्ड ह्याला किशोरवयात ह्याच कादंबरीने अवकाशप्रवासाची ओढ लावली. १९६५ मध्ये मरिनर-४ ह्या यानाने घेतलेल्या छायाचित्रांत मंगळावर कालवे आढळले नाहीत; तथापि कादंबरीने उपस्थित केलेला नैतिक प्रश्न त्यामुळे बाद झालेला नाही.