शिकारीच्या बंदुकीची नेमजुळणी : शास्त्र आणि जबाबदारी

प्रस्तावना :
इ. स. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंमधील चंपावत येथे एका नरभक्षक वाघिणीला ठार केले. नेपाळ व कुमाऊं मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. तिच्या तोंडातील उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. ही इजा बंदुकीच्या जुन्या गोळीने झालेली असून तिच्यामुळेच नैसर्गिक भक्ष्य मारणे वाघिणीस अशक्य झाले, असे कॉर्बेट यांनी नमूद केले आहे. वर्मी न लागलेल्या गोळीचे मोल असे तिऱ्हाइतास मोजावे लागते. या दृष्टीने नेमजुळणीचे शास्त्र समजून घेणे उपयुक्त ठरते.

दृष्टिरेषा आणि गोळीचा मार्ग :
मागील खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य यांना जोडणारी दृष्टिरेषा सरळ असते. गोळीचा मार्ग मात्र वक्र असतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेली गोळी १०० मीटर अंतर सुमारे ०.१२५ सेकंदात कापते व तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ७.७ सेंमी खाली येते. २०० मीटरवर ही घट चौपट, म्हणजे सुमारे ३१ सेंमी होते. हवेचा रोध धरल्यास ती आणखी वाढते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवतात. नेमजुळणी ही नेहमी विशिष्ट अंतरासाठी आणि विशिष्ट काडतुसासाठीच असते.

त्रुटींचे दोन प्रकार :
बंदूक वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून एकाच बिंदूवर तीन ते पाच गोळ्या झाडल्या जातात. गोळ्यांची छिद्रे विखुरलेली असतील, तर दोष नेमबाजाच्या पकडीत, काडतुसांत किंवा सैल झालेल्या भागांत शोधावा लागतो. छिद्रे एकत्र, पण लक्ष्यापासून दूर असतील, तरच दोष नेमसाधनाचा मानता येतो. पहिली त्रुटी यादृच्छिक, तर दुसरी पद्धतशीर होय. नेमसाधन हलवून केवळ दुसरीच दूर होते. एकाच गोळीवरून दुरुस्ती करणारा मनुष्य योगायोगाचा पाठलाग करीत असतो.

दुरुस्तीचे गणित :
छिद्रसमूहाचा मध्य काढून त्याचे लक्ष्यापासूनचे अंतर मोजले जाते. समजा, १०० मीटरवर समूह १० सेंमी डावीकडे आहे आणि खाच व माशी यांमधील अंतर ६० सेंमी आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमानुसार आवश्यक सरकाव केवळ ०.६ मिमी येतो. गोळी ज्या दिशेने न्यावयाची, त्याच दिशेने मागील खाच सरकवावी. माशी सरकवावयाची असल्यास ती उलट दिशेने. त्यानंतर पुन्हा गोळ्या झाडून पडताळणी करणे अनिवार्य असते.

समारोप :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. तथापि मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्यास मारण्याची परवानगी, अन्य उपाय खुंटल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. अशा प्रसंगी चुकीची जुळवलेली बंदूक एका संकटातून दुसरे, अधिक भीषण संकट निर्माण करू शकते. आधी सातत्य, मग दुरुस्ती आणि शेवटी पडताळणी हा नेमजुळणीचा क्रम त्यामुळे तांत्रिक सोयीइतकाच नैतिक कर्तव्याचाही भाग ठरतो.