कोरा रकाना आणि नसलेला रकाना

खैरलांजीच्या बाजारात ऐकलेले मराठी शब्द मी संगणकावर नोंदवतो. यादीत गावांची नावेही होती. त्यांना 'अर्थ' हा रकानाच नव्हता. ती वगळण्यासाठी 'अर्थ नसेल ती नोंद गाळ' अशी आज्ञा लिहिली. ज्यांचा अर्थ म्हाताऱ्या माणसांना विचारायचा राहिला होता, ते शब्दही गळाले.

जावास्क्रिप्टमध्ये कोरा मजकूर 'असत्य' मानला जातो. म्हणून किंमत न पाहता, गुणधर्म आहे का, हे 'इन'ने विचारावे. 'इन' वारशाने आलेले गुणधर्मही धरतो. 'देवघर' हा शब्द 'घर'मुळे नपुंसकलिंगी होतो, तसा हा वारसा. केवळ स्वतःचे गुणधर्म तपासायला २०२२ च्या मानकात आलेले 'ऑब्जेक्ट.हॅजओन' आहे.

कोऱ्या रकान्याचा शब्द निरर्थक नसतो. त्याचा अर्थ विचारायला आपण अजून गेलेलो नसतो.